भिंतीतली गाडी

अनुस्वाररावांची आगगाडी सहा डब्यांपर्यंत गुण्यागोविंदाने धावायची. सातवा डबा जोडला की वळणावर कुरकुर करायची, आणि आठवा जोडला की रुसलेल्या जावयासारखी रूळ सोडून सरळ आडवी व्हायची. वितभर लांबीचं इंजिन, करंगळीच्या नखाएवढी माणसं, काडेपेट्यांएवढी घरं, आणि या सगळ्यासाठी घरातली मागची खोली संपूर्ण अडवलेली. बायकोने कपड्यांचं कपाट त्या खोलीतून बाहेर काढायला तीन वर्षांपूर्वी परवानगी दिली होती. ती चूक झाली असं ती आल्यागेल्याला सांगत असे.

अनुस्वारराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकदा बिल्डिंगच्या सूचनाफलकावर सेक्रेटरींनी लावलेल्या सूचनेत त्यांनी जाता जाता लाल पेनने एक अनुस्वार भरला, आणि तो भरताना सेक्रेटरी मागेच उभे होते. देहयष्टीही त्या चिन्हाला साजेशी असल्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस स्वभावाने भित्रा. दाराची घंटा वाजली तरी ते बायकोला पुढे करत. रजिस्टर्ड पत्र आलं की ते आधी बायकोला फोडायला लावत आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. जगात त्यांना भीती वाटत नसे अशी एकच जागा होती, ती म्हणजे मागची खोली. तिथले सिग्नल त्यांच्या हातात होते, आणि तिथल्या प्रवाशांपैकी कुणीही कधी तक्रार केली नव्हती.

आता हा आठवा डबा. अनुस्वाररावांनी त्याच्यासाठी काय केलं नाही? रूळ स्पिरिटने पुसले. चाकांमधलं अंतर मोजायला छापखान्यातली पट्टी आणली. डबे हलके पडत असतील म्हणून त्यांच्या पोटात शिशाचे तुकडे चिकटवले. त्यामुळे इंजिन चढावर धापा टाकू लागलं. रूळ बदलायच्या सांध्याची जीभ कानशीने इतकी घासली की शेवटी ती जीभ उरलीच नाही, नवी बसवावी लागली. तरी आठवा डबा वळणावर आला की उलटलाच.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण अनुस्वारराव जिन्यात भेटलेल्या पाना-काकांपाशी बोलले. पाना-काका वरच्या मजल्यावर राहत. आयुष्यभर नळजोडणीचं काम केलेला माणूस. निवृत्त झाले तरी खिशात पाना असायचाच. त्यांनी खोलीत येऊन, हात मागे बांधून, गाडी तीनदा उलटताना पाहिली.

"वळण फार आवळलंय," ते म्हणाले. "गाडीला काय, माणसालासुद्धा एवढ्यात वळता येणार नाही."

"पण खोली संपते ना हो इथे."

"खोली संपते. भिंत संपत नाही." पाना-काकांनी पान्याने भिंतीवर टकटक केलं. भिंत पोकळ वाजली. "ऐकलंत? नळांसाठी सोडलेली पोकळी आहे ही. नंतर नळ बाहेरून गेले. हिचं तोंड मीच बुजवलं होतं. दोन हात खोल, खाली पक्का स्लॅब. आतून नेऊन आणा तुमची गाडी. मस्त ऐसपैस वळण मिळेल."

इथे एक गोष्ट पाना-काकांनी सांगितली नाही आणि अनुस्वाररावांनी विचारली नाही. पोकळीला दोन बाजू असतात. एक बाजू अनुस्वाररावांची. दुसऱ्या बाजूला जेलरसाहेबांची झोपायची खोली होती, आणि त्या बाजूला भिंत नव्हतीच. जेलरसाहेबांच्या भिंतीतल्या कपाटाची पाठ, म्हणजे एक प्लायवूडची फळी, एवढंच काय ते मध्ये होतं.

जेलरसाहेबांविषयी थोडं सांगितलं पाहिजे. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, आणि चालताना हातातल्या किल्ल्या आजही खुळखुळतात असं वाटायला लावणारी चाल. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी लिफ्टमध्ये ते शिरले की बाकीचे आपोआप ओळीत उभे राहत. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून एकटेच असत. बिल्डिंगमध्ये त्यांच्याशी मोठ्याने बोललेला माणूस कुणाच्या पाहण्यात नव्हता. आणि अनुस्वारराव तर त्यांच्या दारावरून जाताना चपला हातात घेत.

भिंत फोडायला सोसायटीची परवानगी लागते. त्याचा अर्ज असतो, आणि अर्जात 'कामाचे स्वरूप' असा रकाना असतो. अनुस्वारराव पेन घेऊन बसले. 'लोहमार्गाचा विस्तार' असं लिहिलं, स्वतःच वाचलं, आणि सेक्रेटरींचा चेहरा डोळ्यांसमोर येऊन त्यांना घाम फुटला. अर्ज फाडून टाकला. पुढल्याच आठवड्यात जेलरसाहेब मुलीकडे गेले, आणि तेवढ्यात पाना-काकांनी भिंतीला खिंडार पाडलं, खांद्यापर्यंत आत शिरून फळी टाकली, रूळ बसवले, आणि बोगद्याची दोन तोंडं सोडून बाकीचं लिंपून टाकलं. परवानगीवाचून केलेलं हे अनुस्वाररावांच्या आयुष्यातलं पहिलं काम. चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

पण पाचव्या दिवशी आठ डब्यांची गाडी डाव्या बोगद्यात शिरली, भिंतीच्या आत घरघरली आणि उजव्या बोगद्यातून अख्खी, आठच्या आठ डब्यांसह बाहेर आली. अनुस्वारराव चक्क ओरडले. बायको धावत आली, तिने गाडी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि "बरं झालं बाई," एवढंच म्हणून परत गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी, छापखान्यातून आल्यावर, गाडी भिंतीतून फिरू लागली.

दाराची घंटा वाजली ती त्यानंतर नवव्या दिवशी. बायको बाजारात गेली होती, म्हणून अनुस्वाररावांनाच दार उघडावं लागलं. दारात जेलरसाहेब.

"जरा आत येऊ का?" जेलरसाहेबांनी विचारलं. हा माणूस परवानगी मागत होता! अनुस्वाररावांनी घाईघाईने खुर्ची पुढे केली.

जेलरसाहेब खुर्चीत बसले.  मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची आणि आमची भिंत एक. म्हणून विचारतो. तुम्हाला भिंतीतून काही ऐकू येतं का?"

खरं बोलायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. 'हो साहेब, ती माझी गाडी,' सहा शब्दसुद्धा लागले नसते. अनुस्वाररावांनी तोंड उघडलं. त्यांना वाटलं होतं त्यातून 'हो' येईल.

"नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"छे. काही म्हणजे काहीच नाही."

"हं." जेलरसाहेब उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं अनुस्वाररावांना नंतर कित्येकदा वाटलं.

त्या दिवसापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागेना. गाडी बंद करावी, हा साधा उपाय. पण तीन वर्षांनी आठवा डबा रुळावर आलेला. ते जिवावर आलं. मग त्यांनी आवाज कमी करायचं ठरवलं. एका सुट्टीच्या दिवशी बोगद्यातून हात घालून रुळांखाली बुचाच्या पातळ पट्ट्या सरकवल्या. खडखड खरोखरच गेली. जेलरसाहेब दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. डोळे लाल झालेले.

"काल आवाज बदलला," ते म्हणाले. "आता कुणीतरी उसासे टाकतं."

अनुस्वाररावांनी त्याच संध्याकाळी चाकांना तेल दिलं. उसासे थांबले. त्यांच्या जागी एक बारीक, लांबलचक किरकिर सुरू झाली. ती त्यांच्या बाजूने जेमतेम ऐकू येई. प्लायवूडच्या पलीकडे ती कशी ऐकू येत असेल याची त्यांना कल्पना नव्हती. ती जेलरसाहेबांनीच दिली.

"काल कण्हत होतं," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून, अनुस्वाररावांच्या खांद्यावर हात ठेवून: "मी पस्तीस वर्षं दारं लावली. रोज माणसं मोजून लावली. तरी आता वाटायला लागलंय, कुणीतरी आत राहून गेलं असेल का?"

 अनुस्वारराव इतके घाबरले, की "डॉक्टरांना दाखवा," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

आणि जेलरसाहेबांनी दाखवलं! कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत आहेत असं लिहून दिलं. आता कान ठीक, आणि आवाज तर येतोच, मग बिघाड कुठे? उत्तर सोपं होतं आणि ते सगळ्या बिल्डिंगने आपापसात दिलं; भिंतीतलं खरं ठाऊक असलेले पाना-काका नेमके तेव्हा गावी गेले होते. सेक्रेटरी मात्र नियमाने चालणारे. त्यांनी प्रत्येक बिऱ्हाडात एक छापील पत्रक पाठवलं: 'आपणास भितीतून आवाज येतात काय? होय / नाही. खाली सही करावी.'

अनुस्वाररावांनी ते पत्रक वाचलं. 'भिंती'वरचा अनुस्वार छापायचा राहिला होता. भितीतून आवाज येतात काय? त्यांना तर दुसरीकडून कुठून येतच नव्हते. त्यांनी सवयीने लाल पेन काढून अनुस्वार भरला, मग निळं पेन घेऊन 'नाही'वर खूण केली, आणि सही ठोकली. आता हे खोटं लेखी झालं. छापखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला लेखी या शब्दाची काय दहशत असते, ते इतरांना कळायचं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी गाडी बंद ठेवली. आठ दिवस इंजिन हललं नाही. पण त्याचाही परिणाम उलटाच झाला. आवाज आपोआप थांबला म्हणताना, तो मुळात नव्हताच अशी सगळ्यांची खात्री पटली, खुद्द जेलरसाहेबांचीसुद्धा. बायकोने बातमी आणली ती शुक्रवारी.

"त्यांची मुलगी येतेय रविवारी. त्यांना कायमचं घेऊन जाणार म्हणे. वडिलांना भास होतात, एकटं ठेवता येणार नाही, असं म्हणते. घर बंद करणार." भाजी निवडता निवडता ती थांबली. " साहेब नुसते 'बरं' म्हणाले म्हणे. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तो 'बरं' म्हणाला. तुम्ही त्यांना सांगितलंत ना पण? गाडीचं?"

अनुस्वाररावांनी भाजीची एक जुडी उचलून निवडायला घेतली.

"अहो, त्यांना माहीत आहे ना?"

"मी सांगणारच होतो," अनुस्वारराव म्हणाले.

बायकोने हातातली भाजी खाली ठेवली. ओरडली नाही. "रविवारच्या आत सांगा," एवढंच म्हणाली, आणि तो स्वर रजिस्टर्ड पत्रापेक्षा वाईट होता.

शनिवारी ते तीनदा जेलरसाहेबांच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा घंटेपर्यंत बोट नेलं. दुसऱ्यांदा लिफ्टचा आवाज आला म्हणून पळाले. तिसऱ्यांदा दार थोडं उघडंच होतं, आणि फटीतून ते दिसले: पलंगावर उघडी बॅग, आणि जेलरसाहेब एकेक सदरा घडी घालून, पुन्हा उलगडून, पुन्हा घडी घालत होते. अनुस्वारराव तसेच मागे फिरले.

रविवारी सकाळी त्यांनी ठरवलं, की सांगायचं आणि पुरावाही सोबत न्यायचा. साहेब, हे ऐका, असं म्हणून गाडी चालवून दाखवायची. त्यासाठी ती चालते का हे बघावं म्हणून त्यांनी रेग्युलेटर फिरवला. आठ डब्यांची गाडी डाव्या बोगद्यात शिरली. उजव्या बोगद्यातून मात्र काही बाहेर येईना. बुचाच्या पट्ट्या फुगल्या असाव्यात. इंजिन आत कुठेतरी अडकून गुरगुरत होतं. अनुस्वाररावांनी बाही वर केली, सबंध स्टेशन पोटाखाली घेऊन ते आडवे झाले, आणि खांद्यापर्यंत हात भिंतीत घातला. काडेपेटीएवढी घरं छातीखाली कुरकुरली. बोटांना शेवटचा डबा लागला. अजून थोडं. इंजिन अजून पलीकडे होतं.

त्यांना हे ठाऊक नव्हतं, की त्याच वेळी भिंतीच्या पलीकडे सेक्रेटरींनी एका इंजिनियरला आणलं होतं. वडिलांना घेऊन जाण्याआधी त्यांच्या मनाची खात्री करावी, भिंतीत काही नाही हे त्यांना डोळ्यांनी दाखवावं, ही मुलीची इच्छा. कपाट रिकामं केलं होतं. इंजिनियर प्लायवूडच्या फळीचे स्क्रू सोडवत होता.

अनुस्वाररावांना आधी एकदम उजेड जाणवला. बोटांना वारा लागला. पलीकडे एक बाई किंचाळली. आणि मग, भिंतीच्या आतल्या त्या काळोखात, कुणीतरी त्यांचा पंजा पकडला.

अनुस्वाररावांच्या घशातून जो आवाज निघाला तो कुठल्याच वर्णमालेत बसत नाही. त्यांनी हात ओढला. तो हात आणखी घट्ट झाला. ती पकड पस्तीस वर्षांच्या सरावाची होती. तिच्यातून आजवर कुणी सुटलं नव्हतं. किंचाळी ऐकून धावत आलेल्या बायकोने नवऱ्याचा पाय धरून मागे खेचायला सुरुवात केली. इकडून बायको, तिकडून काळ, आणि मध्ये मुद्रितशोधक.

"कोण आहे?" भिंतीतून गर्जना आली.

"मी," अनुस्वारराव क्षीण आवाजात म्हणाले.

"मी कोण?"

खरं नाव सांगायला हवं होतं. पण त्या क्षणी त्यांना ते आठवेना.

"अनुस्वार," ते म्हणाले.

पकड सैल झाली. अडकलेलं इंजिन तसंच गुरगुरत होतं, आणि त्याचा दिवा जेलरसाहेबांच्या रिकाम्या कपाटात पडला होता.

पाच मिनिटांनी सगळे मागच्या खोलीत उभे होते. चुरगळलेल्या स्टेशनाभोवती जेलरसाहेब, त्यांची मुलगी, सेक्रेटरी आणि इंजिनियर. अनुस्वाररावांच्या मनगटावर पाच बोटं उमटली होती. सेक्रेटरींनी हातातल्या फायलीतून पत्रक काढलं.

"ही सही तुमची?"

"माझी."

"'नाही'वर खूण?"

"माझीच." अनुस्वाररावांचा आवाज इतका हलत होता की शब्द पडतील असं वाटत होतं. पण आज ते थांबले नाहीत. ते जेलरसाहेबांच्या मुलीकडे वळले. "तुमच्या वडिलांना भास होत नाहीत. खडखड माझी होती. उसासे माझे. कण्हणं पण माझंच. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो. त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यांना नेऊ नका."

 फुगलेली पट्टी उपटून सोडवलेलं इंजिन हातात घेऊन जेलरसाहेब उभे होते. त्यांनी ते वाकून रुळावर ठेवलं. मग एकेक डबा. आठवा डबा लावताना त्यांची मोठी बोटं अडखळली, आणि तो त्यांनी दोनदा लावला.

"चालवा," ते म्हणाले.

अनुस्वाररावांनी रेग्युलेटर फिरवला. गाडी अडखळत निघाली. भिंतीत शिरली. आतून ती बारीक किरकिर आली, लांबलचक. जेलरसाहेब डोळे मिटून ऐकत राहिले. गाडी बाहेर आली तरी त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"ऐकलंस?" त्यांनी मुलीला विचारलं.

"हो, बाबा." ती गाडी शिरली त्या बोगद्याकडे पाहत होती, मग तिने तोंडाला पदर लावला, आणि ती हसते आहे की रडते आहे हे कुणाला कळेना. "ऐकलं."

सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि बेकायदा लोहमार्ग, विनापरवाना खिंडार, खोटं निवेदन असं काहीतरी सुरू केलं. जेलरसाहेबांनी नुसता हात वर केला. सेक्रेटरी वाक्याच्या मधोमध थांबले, आणि इंजिनियरला घेऊन कधी गेले ते समजलंही नाही. मुलगी वडिलांची भरलेली बॅग रिकामी करायला गेली. अनुस्वाररावांची बायको चहा ठेवायला गेली. खोलीत दोघेच उरले, आणि अनुस्वाररावांना ती त्या सबंध सकाळमधली सगळ्यात भयंकर गोष्ट वाटली.

"मी विचारलं तेव्हा 'नाही' का म्हणालात?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमची, साहेब."

जेलरसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या वितभर इंजिनाच्या गाडीकडे पाहिलं.

"मला हिची वाटत होती," ते म्हणाले. "महिनाभर दिवा चालू ठेवून झोपतोय. कुणाला सांगितलं नाही."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. अनुस्वाररावांनीही विचारलं नाही. दाराशी जाऊन जेलरसाहेब फक्त एवढं म्हणाले, "गाडी माझ्या घरातून जाते. सोडण्याआधी मला सांगायचं. रोज."

हा हुकूम होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी अनुस्वारराव छापखान्यातून येतात, हातपाय धुतात आणि जेलरसाहेबांच्या दारापुढे जाऊन उभे राहतात. भीती काही गेलेली नाही. घंटेपाशी बोट तसंच अडतं. पण ते बोट टेकण्याआधीच दार उघडतं. आत जेलरसाहेब सदऱ्याची बटणं लावून, पाठीची फळी काढून टाकलेल्या कपाटासमोर खुर्ची मांडून तयार असतात.

"आज किती डबे?" ते विचारतात.

"आठ, साहेब."

"नऊ लावून बघा," जेलरसाहेब म्हणतात. "इकडे उलटली तर मी आहे."